अकरा दारं

वेतुरियाबाईंनी आमच्या पेट्रोशानी गावच्या कोळशाच्या खाणीत तीस वर्षं दिवे वाटले. खाली गेलेला शेवटचा दिवा हातात आल्याशिवाय बाई घरी जात नसत. निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांना इमारतीच्या सोसायटीचं अध्यक्ष केलं आणि पुढच्याच हिवाळ्यात आमची लायकी दाखवून दिली.

त्या हिवाळ्यात फानेल नावाचा एकोणीस वर्षांचा अनाथ पोरगा आमच्या तळघरात शिरला. सकाळी गरम पाइपाला चिकटून झोपलेला सापडला, उशाशी आंबवलेल्या कोबीची बरणी. तळघरात प्रत्येक घराची एक खोली आहे. ज्याची खोली फोडली त्याला सोसायटी लोखंडी दार देणार म्हटल्यावर तक्रारींना ऊत आला. अकरा जणांनी लिहून दिलं. बाईंनीही दिलं, त्यांचं कुलूप वर्षभर मोडकं होतं तरी.

"सातच फोडल्या," पोरगा रडून सांगत होता. कोण ऐकतो? मालक अकरा म्हणून चोऱ्या अकरा, प्रत्येकीला दोन वर्षं. कायद्याने एकीची पूर्ण शिक्षा, उरलेल्या दहांची प्रत्येकी एक तृतीयांश, मिळून आठ वर्षं आठ महिने. कोबीसाठी! शी!

निकाल ऐकून बाई आजारी पडल्या. उठल्या त्या थेट वकिलाकडे गेल्या. तो म्हणाला, "अपिलात एक तक्रार खोटी ठरली की आठ महिने कमी."

बाई दुसऱ्या मजल्यावर तिबेरियुकडे गेल्या.

"डोकं फिरलंय का बाई? खोटं लिहिलं म्हणून मी आत जाऊ?"

"अरे, पोराचं आयुष्य आहे."

"चोर आहे तो!"

"आणि तू रे कोण?"

त्याने दार आपटलं. समोरच्या जेनोवेवाने तर बाईंच्या हातावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवली, वर "देव बघून घेईल" म्हणाली. वाटीत कोबीच होता. बाईंनी ती तिच्याच उंबऱ्यावर उपडी केली.

अपिलात बाई एकट्या उभ्या राहिल्या. त्यांची एक चोरी वजा झाली, आठ वर्षं उरली. बाईंवर खोट्या तक्रारीचा खटला चालू आहे. आपलं लोखंडी दार त्यांनी स्वतः उचकटून सोसायटीच्या दारात नेऊन टाकलं. आता जिन्यात त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

खोट्या तक्रारी चार होत्या. बाईंची, तिबेरियुची, जेनोवेवाची, आणि माझी. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी आत श्वास रोखून उभी होते. बेल चारदा वाजली. आम्हा तिघांच्या दारांची दोन वर्षं फानेल अजून भोगतोय. माझं दार छान आहे, गंजतसुद्धा नाही.