नानांचं इंग्रजी पिक्चर

कारखान्यातले जुने दोस्त जमले की किस्से निघतातच, आणि एकाच्या शेपटीला दुसरा बांधलेला असतो. आमच्या देवासच्या मशीन शॉपमधले निम्मे किस्से तर एकाच इंग्रजी पिक्चरचे आहेत. पुढच्या जमान्यातलं शहर, यंत्रांचं राज्य, माणसांच्या कपाळावर नंबर आणि भिंत फोडून पळणारा हीरो. पुढे कॉलनीच्या गणपतीत व्हिडिओ यायला लागला, तरी पहिली मागणी त्याचीच असायची.

*

पिक्चर टॉकीजला लागला तेव्हा आमच्यात इंग्रजी फक्त नानांना यायचं. नाना टर्नर. मूळचे धारचे, घराणं तिथल्या दरबारात चाकरीला असलेलं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची. शॉपमध्ये परदेशी लेथ मशीन आली तेव्हा त्यांनी तिचं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून ती चालू केली, अशी त्यांची कीर्ती. खरं म्हणजे त्यांनी चित्रं पाहिली होती. हे गुपित एकट्या मला ठाऊक.

"मॅट्रिकला इंग्रजीतच उडालो रे," ते म्हणाले. "कळलं तर शॉपमध्ये तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

*

रविवारी पहिल्या खेळाला आम्ही बाराजण गेलो, नानांना मधोमध बसवलं. निम्मी मंडळी हिंदी बोलणारी, म्हणून नाना हिंदीतून सांगत होते. यंत्रांच्या पोलिसांनी हीरोला खुर्चीला बांधलं, डोक्याला तारा लावल्या.

नाना म्हणाले, "अब इसको शिक्षा होगी."

नानांची शिक्षा मराठी होती. आमच्यातल्या, मनावर गावच्या रमेश भियानं ती हिंदी धरली, म्हणजे शाळेतलं शिक्षण.

"आगे ऐसे स्कूल होंगे, नाना?"

नानांना वाटलं, गडी गंमत करतोय. "इससे भी बुरे होंगे," ते म्हणाले.

*

सोमवारपासून रमेश भियानं गावभर स्टोरी सांगितली. सगळी यंत्रं मास्तर आहेत, कपाळावर रोल नंबर आहे आणि हीरो शाळेतून पळतो! शुक्रवारी उतरणारा पिक्चर शाळेच्या पोरांनी तिसऱ्या आठवड्यात नेला. टॉकीजच्या मॅनेजरनं दर रविवारी नानांसाठी मधली खुर्ची राखून ठेवली.

नाना मला म्हणाले, "खुलासा करू का रे?"

मी म्हटलं, "आता नका करू. बाहेर हाउसफुलचा बोर्ड लागलाय."

*

पिक्चरच्या शेवटी हीरो भिंतीसमोर उभा राहून पाच मिनिटं बोलतो. नानांनी सांगितलं, "कहता है, अब बहुत हुआ."

मागून कुणीतरी विचारलं, "नाना, इतना बोला और बस इतना?"

"अंग्रेजी में जगह ज्यादा लगती है."

लोकांना पटलं. मलाही पटलं, हे कबूल करतो.

*

पोरं शाळा बुडवायला लागली तेव्हा इंग्रजीचे मास्तर खवळले. हे मास्तर पूर्वी धारला होते. नानांना इंग्रजी शिकवायला हेच होते, आणि कान पिळायलाही. त्यांनी मॅनेजरला बजावलं, "मी स्वतः येऊन ऐकतो. तो माणूस भलतंसलतं सांगत असेल, तर तिथल्या तिथे उघडा पाडतो."

रविवारी मास्तर नानांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी नानांना ओळखलं. "काय रे, तू? तू लोकांना इंग्रजी सांगतोस?"

पिक्चर सुरू झाला, खुर्ची आली, तारा लागल्या, नाना गप्प. लोक ओरडायला लागले, "नाना, बोलो!" नानांनी मान खाली घातली होती. इतक्या वर्षांची अब्रू आता जाणार होती. मला त्यांची फार दया आली, पण करणार काय.

हीरो भिंतीसमोर आला. पाच मिनिटं बोलला आणि थांबला. सगळ्या माना आमच्या रांगेकडे वळलेल्या.

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मग आजूबाजूला बघून नानांच्या कानाशी वाकले.

"नाना, काय म्हणाला हो तो?"