हजीऱ्याच्या बंद टर्बाइनची सेवा

सुरतेजवळ उधन्याला उतरलो तेव्हा मामा प्लॅटफॉर्मवरूनच ओरडत होते. रागावले नव्हते, लिंबायतच्या लूमच्या (यंत्रमागांच्या) खडखडाटात उभी हयात घातलेल्या माणसाला हळू बोलताच येत नाही. रिक्षावाल्यालाही त्यांनी सांगून टाकलं, "मना भाचा लाईट बनावस" (माझा भाचा वीज बनवतो). मी अमळनेरहून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन वीज प्रकल्पात वर्षभराच्या ॲप्रेंटिसशिपला आलो होतो. चालू टर्बाइनवर काम केल्याशिवाय पुढे कुणी दारात उभं करणार नाही, असं आमच्या सरांनी बजावून पाठवलं होतं.

कंपनीची बस इच्छापोर ओलांडून हजीऱ्याच्या रस्त्याला लागली की कारखान्यांच्या चिमण्या सुरू होतात. त्यांत आमची सगळ्यांत स्वच्छ. मला अभिमान वाटला. आत गेल्यावर कारण कळलं: गॅस महागला म्हणून वीजनिर्मितीचा संच बंद होता.

"आराम करे छे" (विश्रांती घेतोय), फोरमन देसाईभाई म्हणाले, तेही हळू आवाजात, जणू त्याची झोप मोडेल.

मग आमचं शिक्षण सुरू झालं. टर्बाइनचा भला मोठा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, एकाच जागी पडून राहिला तर स्वतःच्या वजनाने वाकतो. म्हणून रोज तो थोडा फिरवायचा, तेलपाणी करायचं, अंग पुसायचं. दारावर 'अपघात शून्य' असा फलक होता. वीजही शून्यच होती, पण तिचा फलक कुणी लावला नव्हता. पाहुणे आले की हातात पाना धरून वाकून उभं राहायचं. त्यात मात्र मी तरबेज झालो.

लिंबायतला लाईट गेली की लूम थांबत आणि अख्खी गल्ली माझ्याकडे पाही. "इंजिनेर, बघ ना जरा," शेजारचे काका म्हणत. मी कोपऱ्यावर लोचो (वाफवलेल्या चणाडाळीचा मऊ लगदा, वर तेल आणि शेव) खायला सटकत असे. सांगणार काय, कपाळ!

वर्ष संपत आलं आणि संच चालवून दाखवा असं वरून फर्मान सुटलं. मी युनिफॉर्मला इस्त्री करून गेलो. देसाईभाई दारातच आडवे आले. "एप्रेन्टिस बधा बहार" (शिकाऊ सगळे बाहेर). आज मशीन चालू आहे, धोका असतो, म्हणाले.

"मग आम्ही शिकायचं कधी, साहेब?"

"बंद झाल्यावर या."

वर्षभर नवरदेवाला हळद आम्ही लावली आणि अक्षतांच्या वेळी आम्हालाच मांडवाबाहेर काढलं. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. आवाज चढत गेला, पायाखालची जमीन थरथरली. फार वाईट वाटलं, आणि आपण वाकू न दिलेला शाफ्ट फिरतोय म्हणून छातीही भरून आली. दुपारपर्यंत संच पुन्हा विश्रांतीला गेला.

परतीच्या गाडीत विचार करत होतो. लोक प्रवासात काय काय पाहून येतात. मी वर्षभर यंत्राच्या उशाशी बसून ते चालताना न पाहता घरी निघालो होतो.

आल्यावर जवळच्या एका साखर कारखान्याच्या वीजघरात मुलाखत झाली. साहेबांनी नेमकं तेच विचारलं, "टर्बाइन चालू पाहिलंय?"

"नाही साहेब. बंदच सांभाळलंय." संपलं, असं मी धरून चाललो.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "शाफ्ट वाकू दिला नाहीस ना?"

"नाही."

"मग उद्यापासून ये. आमचंही बंदच असतं."

घरी पेढे आले. आईने विचारलं, "तठे तरी मशीन चालू व्हई ना रे?" (तिथे तरी मशीन चालू होईल ना रे?)

"होईल की," मी म्हणालो आणि तोंडात पेढा टाकला.