दोन काचा आणि माझा नकाशा

केशवराव निखारे यांची आणि माझी पहिली भेट चक्क भांडणानं झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात हे छापावं का, असा प्रश्न संपादकांना पडेल. पडू द्या! धरमपेठेतल्या आमच्या वाचनालयाच्या नव्या इमारतीची मी वास्तुविशारद. दर्शनी दाराला बेव्हलच्या, म्हणजे कडा उतरत्या घासलेल्या नक्षीदार काचाच हव्यात, असा हट्ट मी कार्यकारिणीपुढे धरला होता आणि "हे काम नागपुरातच होईल," असा शब्दही देऊन बसले होते. त्या भरवशावर इतवारीतल्या कारखान्यात गेले, तर केशवरावांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "काहून पाह्यजे ताई तुम्हाले बेव्हल? साध्या काचेतूनबी उजेड येतेच ना!"

मी फणकारले, "काम नको असेल तर तसं सांगा."

ते हसले. "काम पाह्यजे. पण लोकाइनं 'वा' म्हणावं म्हणून पाह्यजे, का वाचणाऱ्याले बरं वाटावं म्हणून, ते सांगा. त्यावर नक्षी ठरन." मग वाचक कुठे बसणार, ऊन किती वाजता दारात येतं, असं अर्धा तास विचारत राहिले. इतकी वर्षं इमारती बांधतेय, पण कुठल्या कारागिरानं माझी अशी उलटतपासणी घेतली नव्हती. बाहेर पडताना राग कुठल्या कुठे गेला होता.

केशवराव मूळचे उमरेडच्या विणकर घराण्यातले. वडील लुगडी विणत. "काठ बिघडला का लुगडं गेलं," असं ते म्हणत. केशवरावांनी ते वाक्य काचेला लावलं. काचेची कड पाण्याबरोबर दगडावर घासायची, उतार काढायचा आणि नितळ होईस्तोवर चमकवायची. मशीन आलं, तरी शेवटची परीक्षा त्यांच्या अंगठ्याचीच. माझ्या आईला मोतिबिंदूमुळे धड दिसत नव्हतं, तेव्हा तिला एकदा कारखान्यात नेलं होतं. हातातलं काम टाकून त्यांनी तिचा अंगठा हळूच काचेच्या उतारावरून फिरवला. "आई, डोळ्याचं राहू द्या. यानं पाहा." घरी येईपर्यंत आई दुसरं काही बोललीच नाही.

त्यांची एक रीत आहे. नकाशावरून ते कधी काच कापत नाहीत. प्रत्येक चौकटीवर जुना कागद लावतात आणि नखानं दाबून कडा उमटवून घेतात. "चौकट काय म्हणते, ते पहिले आइकलं पाह्यजे," हे त्यांचं म्हणणं. ते कागद घेऊन आले, त्या दिवशी दाराला पॉलिश चाललं होतं आणि मी घाईत होते. म्हटलं, "सातही चौकटी सारख्या आहेत, केशवराव. नकाशा दिलाय ना? त्यावरूनच करा." त्यांनी दोनदा विनवलं, मी दोनदा नाही म्हटलं. "बरं," म्हणून ते कागदांची घडी घालून निघून गेले.

उद्घाटनाला चार दिवस उरले होते. पाच काचा अलगद बसल्या, दोन काही केल्या बसेनात. त्या दोन चौकटी सुतारानं जराशा तिरक्या केल्या होत्या. साधी काच कापून बसवता आली असती, पण बेव्हलची कड कापली की सगळा उतारच जातो. नेमके तेव्हाच अध्यक्ष अण्णासाहेब आले आणि सगळ्यांसमोर गरजले, "मापात चूक कोणाची?"

वाटलं, आता माझा नकाशाही गेला आणि शब्दही गेला. तेवढ्यात केशवराव पुढे झाले. "माझी, साहेब. माप मी घ्याले पाह्यजे होतं. दोनी काचा नव्या करून देतो."

आणि मी गप्प राहिले.

दिलेल्या शब्दाप्रमाणे उद्घाटनाच्या सकाळी त्यांनी दोन्ही काचा बसवल्या. आज पुण्या-मुंबईचे पाहुणे त्या दारापाशी थबकतात. "कुठून मागवल्या?" असं विचारतात. "मागवल्या? अहो, आमच्या इतवारीत झाल्यात!" हे सांगताना माझी मान ताठ होते. या शहरात असा हात आहे, आणि त्या हाताचं काम माझ्या इमारतीला लागलं, याचा मला फार अभिमान आहे.

पण तेव्हापासून अण्णासाहेब दर समारंभात सांगतात, "अहो, आपले निखारेसुद्धा दोन काचा चुकले होते!" लोक हसतात, केशवरावही हसतात. ज्यांचं सगळं नाव मापावर उभं आहे, त्यांना दर वेळी हे ऐकावं लागतं. या ग्रंथाच्या निमंत्रणपत्रातही 'तो गमतीचा किस्सा जरूर लिहा' अशी सूचना होती. मी केशवरावांना विचारायला गेले, तर म्हणाले, "जाऊ द्या ना ताई! आता काहून उकरून राह्यले? मी तं कधीच विसरलो."

ते विसरले असतील, मला विसरता आलं नाही. तेव्हा अण्णासाहेब, आणि समस्त सभासदहो, केशवराव निखारे चुकले नव्हते. त्यांना माप घेऊ दिलं नाही ते मी, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तोंड मिटून उभी राहिले तीही मीच.

केशवरावांना उदंड आयुष्य लाभो, पाठ ताठ राहो, अंगठ्याची जाण अशीच शाबूत राहो. सत्काराच्या दिवशी कुणी तो किस्सा सांगायला उठलं, तर मी उभी राहीन आणि चूक कोणाची ते सांगेन. केशवराव, घरी गेल्यावर हवं तेवढं रागवा. पण त्या दिवशी माझ्या आधी बोलू नका.