मामाची साडी आणि लंडनचं कार्ड

क्रेडिट कार्डाच्या विरोधात मी लंडनच्या कितीतरी सभांतून गरजलो होतो. "उधारीला चकचकीत कपडे घातले की तिला कार्ड म्हणतात!" या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या. त्यामुळे ऐंशीच्या दशकात मॉरिशसच्या मराठी मंडळींनी भाषणाला बोलावलं, आणि शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, बँकेचं नवंकोरं कार्ड माझ्या खिशात कोंबलं, तेव्हा आमच्यात चांगलंच वाजलं.

"परक्या देशात खिसा रिकामा झाला, तर सभा घेऊन पोट भरणार आहेस का?"

शेवटी मी कार्ड घेतलं, पण मागच्या पांढऱ्या पट्टीवर सही ठोकली ती देवनागरीत, वर लांबलचक रेघ ओढून. कर्ज काढायचंच तर मायबोलीत काढू! पासपोर्टावरची सही मात्र तरुणपणीची, इंग्रजीत होती. दोन्ही सह्या कुणी शेजारी ठेवून ताडून पाहील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: विमानतळ बेटाच्या दक्षिणेला आहे, आणि तिथून भाषणाच्या गावी, व्हाकोआला, जाताना दोन्ही बाजूंना नुसता ऊस. व्हाकोआ उंचावर असल्यामुळे स्वेटर न्या. समुद्रकाठचं बेट म्हणून मी नेला नाही आणि भाषणभर कुडकुडत होतो. बसने सगळीकडे फिरता येतं, सुट्या नाण्यांत भागतं. थांब्यावर गरम दालपुरी मिळते, आत वाटलेली डाळ, वर रस्सा आणि मिरचीचं वाटण. दोन खाल्ल्या की जेवण झालं. टॅक्सी आणि किनाऱ्यावरचं हॉटेल टाळा. मी टाळलं नाही, आणि आठवड्यातच माझ्याजवळ बसभाड्यापुरते पैसे उरले.

पण पुढचा मुक्काम मराठी मंडळींनीच ठरवलेला, घरगुती होता. उत्तरेला पेती राफ्रे गावात रामजी आणि सावित्री या भाजीपाला पिकवणाऱ्या जोडप्याकडे मी उतरलो. रविवारी त्यांच्या मुलीचं, मंगलाचं लग्न होतं. यांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला आले. तेव्हापासूनची मराठी या घरात अजून नांदत होती, मधूनमधून क्रेओल, म्हणजे तिथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीतले, शब्द पेरलेली.

शुक्रवारी संध्याकाळी सावित्री ताट वाढता वाढता थांबली.

"दादा, मला भाव नाय. पोरीला मांडवात मामान न्यावं लागतं. तू मामा होशील?"

मी काय नाही म्हणणार? ताठ बसून हो म्हणालो. मग तिने पुढचं सांगितलं: मांडवात येताना नवरी मामाने आणलेली पिवळी साडी नेसते. मी खिशातली बसभाड्याची नाणी चाचपली.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं बसने पोर्ट लुईला गेलो. बाजाराजवळ एका गुजराती शेठचं साडीचं दुकान होतं. सावित्रीने लाल काठाची पिवळी साडी उचलली आणि मी ऐटीत कार्ड काढलं.

तेव्हा कार्ड लोखंडी यंत्रात ठेवून वरून मूठ सरकवायची, की कार्बनखालच्या पावतीवर नाव नि आकडे उमटायचे. मग सही. मी मराठीत सही केली. शेठने ती कार्डाशी ताडून पाहिली, मान हलवली, आणि पासपोर्ट मागितला. तिथेच सगळं फसलं.

"दो आदमी, दो सही?" शेठने दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"आदमी एकच आहे हो! सही बदलली. आपली भाषा..."

माझ्यातला वक्ता जागा झाला. मातृभाषेवर मी दोन मिनिटं तरी बोललो असेन. शेठने शांतपणे साडीची घडी घालायला घेतली.

"भाषण बहुत अच्छा है, साहब. बँक को भाषण नहीं चलता."

घाईघाईने मी सावित्रीकडे वळलो. "तू आत्ता दे, मी लंडनहून पाठवतो."

ती माझ्यावर अशी चिडली, की जणू मी साडी चोरायला सांगितली. "माझ्या पैशान घेतली तर ती मामाची कशी? आयशीची झाली! वरसभर टोमणे मारतील मला. आन् मंगली काय, बिनमामाची उभी राहील?" तिचे डोळे भरले. बँका शनिवारी दुपारच्या आत बंद होत. घड्याळाकडे बघवेना. मांडवात त्या पोरीशेजारी रिकाम्या हाताने उभा असलेला मी मला दिसायला लागलो.

शेठचे हात घडीवर थांबले. "मामा? ये मामेरूं का है?"

गुजरात्यांत मामाने भाचीच्या लग्नात आणायच्या भेटीला मामेरूं म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. सावित्रीला शब्द नवा होता, पण तिने जोरात मान हलवली. "वी, वी! हा माझा फ्रेर हाय!" वी म्हणजे हो, आणि फ्रेर म्हणजे भाऊ.

"पहले बोलना था ना! मैं समझा, सैर-सपाटे की खरीदी है." शेठने पासपोर्टातला फोटो माझ्या तोंडासमोर धरून नीट पाहिला, कोऱ्या कागदावर माझ्याकडून दोन्ही लिप्यांत सह्या करवल्या आणि फोन उचलला. बँकेत लाइन लागेना. लागली, तर थांबायला सांगितलं. सावित्री पदराचं टोक पिळत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून उभा होतो.

शेवटी शेठ फोनवर "कोरेक, कोरेक" म्हणाला आणि पावतीवर बँकेने दिलेला नंबर लिहिला. कोरेक म्हणजे ठीक आहे. मंजूर! मी कार्ड जपून खिशात ठेवलं. सावित्री हसत होती, रडतही होती. शेठने साडीबरोबर खण बांधून दिला. "ये मेरी तरफ से."

परतीच्या बसमध्ये खिडकीतून उसावरचं वारं येत होतं. सावित्री मांडीवरच्या पुडक्यावर हात ठेवून झोपली. मी उगीचच शीळ घालत होतो.

रविवारी भटजींनी "मामा, मुलीला आणा" म्हणून हाक मारली. मंगलाचा हात घामाने ओला होता, माझाही. एका म्हातारीने वाटेतच तिच्या पदराचं कापड बोटांत धरून पाहिलं.

"कुणी आणली?"

"मामान," मंगला म्हणाली, आणि आम्ही पुढे गेलो.

लंडनला आल्यावर पहिलं काम केलं ते पासपोर्टावरची सही बदलून घ्यायचं. तुम्हीही निघण्याआधी दोन्ही सह्या एक करून घ्या, लिपी कुठलीही असो. कार्डाबद्दलचं माझं मत तेच आहे: ती उधारीच. फक्त ते टाळीचं वाक्य मी सभेत पुन्हा वापरलं नाही. म्हणायला जायचो आणि डोळ्यांपुढे सावित्रीचा तो पिळलेला पदर यायचा.

त्या भाऊबीजेला फोन वाजला. लाइनवर खरखर होती आणि पलीकडे पेती राफ्रेहून सावित्री ओरडत होती.

"दादा, हितनंच ओवाळलं तुला! ओवाळणी कार्डावर घेत नाय मी. सोता ये!"