मामांच्या डोक्यातला नकाशा

"नकाशा कशाला पाह्यजे तुमाला? मी हाय की."

सगळं गाव ज्यांना मामा म्हणायचं, त्यांचं माझ्याशी हे पहिलं वाक्य. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या खोलीत ते दाराशी उभे होते. अंगात खाकी शर्ट, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय चिखलानं भरलेले. त्याआधी पाऊण तास मी तिथल्या साहेबांकडे गावाच्या पाइपलाइनचा नकाशा मागत होते. साहेबांनी दोन कपाटं उघडली, वाळवी लागलेला एक गठ्ठा बाहेर काढला, तसाच आत ठेवला आणि शेवटी गावाला पाणी सोडणाऱ्या या वॉलमनला बोलावलं. "हाच आमचा नकाशा," म्हणाले आणि हसले.

मी तेव्हा संभाजीनगरला पीएच.डी. करत होते. विषय असा की, ज्या गावांत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं मधल्या दिवसांत रिकाम्या पाइपात काय होतं. पाइप फुटका असेल तर पाणी असताना ते बाहेर गळतं, हे सगळ्यांना दिसतं. पण पाणी बंद झालं की तोच पाइप आजूबाजूची घाण आत ओढून घेतो आणि पुढच्या पाळीला ती लोकांच्या घागरीत जाते. हे मोजायला मला एक पूर्ण गाव हवं होतं. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव मी निवडलं, कारण माझं लहानपण याच जिल्ह्यात गेलं होतं. वडील शिक्षक, त्यामुळं दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलायचं. त्या बदल्यांमुळं जिल्हा सगळा माझा, पण त्यातलं घर एकही माझं नाही.

आता मी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात शिकवते. फ्लॅटमध्ये नळाला चोवीस तास पाणी असतं. आणि तरी मार्च उजाडला की माझा जीव त्या गावाकडे ओढ घेतो, जिथं मी जेमतेम एक उन्हाळा राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी मामांच्या मागं फिरायला लागले. ते खांद्यावर वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी घेऊन पुढं, मी वही आणि जीपीएस घेऊन मागं. ते सांगतील तिथं मी खूण करायची. तीन दिवसांनी रात्रीची बसून सगळ्या खुणा जोडायला गेले तर काही जुळेना. एक लाइन सरळ एका घराच्या माजघरातून जात होती, दुसरी चढावर उलटी चालली होती. सकाळी मी मामांना वही दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग चावी भिंतीला टेकवून खाली बसले.

"मुद्दाम सांगितलं चुकीचं," म्हणाले.

"कामून मामा?"

"सगळं कागदावर गेल्यावर माझं काय काम राहतंय? आज साहेब मला उठून खुर्ची देतेत. बायाबापड्या चहा पाजतेत. ते काय माझं तोंड बघून? ह्या डोक्यात लाइनी हायेत म्हणून."

मी त्यांच्या शेजारी बसले. मी सत्तावीस वर्षांची होते, मला माझा प्रबंध पूर्ण करायचा होता, आणि समोरच्या माणसाची भीती मला खरी वाटली नाही. "काही होणार नाही मामा," मी म्हणाले. "नकाशा नुसता अभ्यासापुरता. चावी फिरवायला माणूस लागतोच ना?"

हे वाक्य मी किती सहज बोलून गेले! पुढं कितीदा तरी ते मला आठवलंय.

त्यांनी विश्वास ठेवला. त्या दिवसापासून खरं सांगायला लागले, आणि एकदा सांगायला लागल्यावर त्यांना थांबवणं अवघड. वॉलना त्यांनी स्वतः नावं ठेवली होती. एक चिंचेचा वॉल. चिंच केव्हाच तोडलेली. एक भांडणाचा वॉल. तिथून कुठल्या गल्लीला आधी पाणी सोडायचं यावरून दरवेळी बायांची जुंपायची. एक म्हशीचा, कारण म्हैस त्या खड्ड्यात पडली होती. मी ती नावं नकाशात तशीच लिहिली. माझ्या सरांनी त्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं, तरी मी ती काढली नाहीत.

गळती शोधायला माझ्याजवळ कॉलेजचं यंत्र होतं. मामांजवळ एक लोखंडी गज होता. त्याचं एक टोक जमिनीत रोवायचं, दुसरं कानाशी धरायचं. "ऐक," म्हणायचे. मला आधी काहीच ऐकू यायचं नाही. एके दिवशी ऐकू आलं: खूप खोल, कुणी दातांतून श्वास सोडावा तसं. मी ओरडलेच. समोरच्या ओट्यावर दाढी करत बसलेला एक माणूस दचकला आणि त्यानं हनुवटी कापून घेतली. मामा किती तरी दिवस ती गोष्ट सगळ्यांना सांगत होते.

मामींची ओळख अशी झाली की, एका दुपारी मी गावाच्या उंच पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर बिस्किटं खात बसले होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. एक बाई डोक्यावर पदर घेऊन आल्या, माझ्या हातातला पुडा घेतला आणि म्हणाल्या, "हे काय जेवण हाय का? ऊठ." बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं घर होतं. त्यांनी गरम धपाटे आणि दही वाढलं. त्यानंतर भाड्याच्या खोलीवर मी फक्त झोपायला जायची. मामी मला अगंतुगं करायच्या, रागवायच्या, माझ्या केसांना तेल लावायच्या. माझी आई मी शाळेत असतानाच गेलेली. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं असावं.

मे महिन्यात टाकीचा विषय निघाला. टाकी माझ्या अभ्यासात नव्हतीच. पण मामा रोज पाण्याची पातळी बघायला तिच्या जिन्यानं वर चढायचे आणि एकदा खाली आले तेव्हा त्यांच्या मुठीत काँक्रीटचा पोपडा होता. "हे सारखं निघायलंय," म्हणाले. मी वर गेले. खांबांना उभ्या चिरा होत्या, काही ठिकाणी सळया उघड्या पडून गंजून फुगल्या होत्या. मी कॉलेजातून काँक्रीट तपासायचं साहित्य मागवलं. एक औषध असतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते फवारलं की चांगल्या काँक्रीटला गुलाबी रंग चढतो. रंग आला नाही तर समजायचं, आतल्या सळईला आता कसलंही संरक्षण उरलं नाही. मामा शेजारी उभे होते. मी एका खांबावर फवारलं, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. गुलाबी कुठंच होईना.

"औषध जुनं असंल," मामा म्हणाले.

"नाही मामा."

त्या टाकीवर त्यांची तीस वर्षं गेली होती.

माझ्या सरांनी येऊन सगळं पुन्हा तपासलं आणि आम्ही लिहून दिलं: टाकी अर्ध्याच्या वर भरू नये, खाली कुणाला थांबू देऊ नये, लवकरात लवकर पाडावी. टाकी अर्धी भरायची म्हणजे आठ दिवसांची पाळी अकरा दिवसांवर जाणार, आणि तेही भर उन्हाळ्यात. गाव खवळलं. नगरपालिकेच्या अंगणात बायका घागरी घेऊन आल्या. एक वयस्क बाई माझ्यासमोर उभी राहिली. "पोरी, तुह्या कागदानं आमचं पाणी गेलं. इतकी वर्सं पडली न्हाई, ती तू आली अन् पडायलीय व्हय?"

माझ्याजवळ आकडे होते. ते त्या अंगणात काय कामाचे? तेव्हा मामा मध्ये आले.

"आक्का, माझी लेक असती अन् तिनं सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं," ते म्हणाले. "पर मी डोळ्यानं बघितलंय. मी रोज चढतोय तिच्यावर. आता चढताना मला भ्या वाटायलंय."

त्या बाईनं मामांकडे पाहिलं. गावात कुणी कधी मामांना भ्यालेलं पाहिलं नव्हतं. ती पुटपुटत मागं सरली.

त्याच संध्याकाळी मामांनी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि टाकीखालचा कट्टा चारी बाजूंनी काट्यांनी बंद केला. रिक्षावाले हसले, कारण उन्हाळी क्लासची पोरं ऑटोची वाट बघायला तिथंच सावलीला थांबायची. पुढच्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, टाकीच्या वरच्या गॅलरीचा दीड खाटेएवढा तुकडा त्या काट्यांवर पडला. मी मामींच्या घरी होते, मामाही जेवायला आलेले. आवाज आला आणि आम्ही तिघं पळत सुटलो. धुळीत कट्टा दिसत नव्हता. पोरं समोरच्या कडुलिंबाखाली उभी होती, सगळी. मामांनी ती एकेक करून मोजली, पुन्हा मोजली. मग रस्त्यावरच खाली बसले, आणि मी त्यांना रडताना त्या एकदाच पाहिलं.

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून पाडली.

जूनच्या शेवटी मी निघाले. नकाशा पूर्ण झाला होता. एक प्रत मी नगरपालिकेला दिली. द्यायलाच हवी होती. गावाचं ते गावाला. पुढं गावाला नवी योजना मंजूर झाली, गुत्तेदारानं काम माझ्याच नकाशावरून केलं, नवे वॉल बटणावर चालणारे बसवले. आणि मामांना शुद्धीकरण केंद्राच्या गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायला.

हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. "सावलीचं काम हाय," म्हणाले. "पंखा हाय." मी पाऊसपाण्याचं विचारलं. नंतर आमचे फोन कमी झाले. आधी आठवड्याला, मग सणाला. मला दक्षिणेत नोकरी लागली. त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मामींनी बोलावलं होतं, पण माझ्या परीक्षा होत्या. परीक्षा होत्या हे खरं, पण मागितली असती तर सुट्टी मिळाली असती हेही तितकंच खरं. मला त्यांच्या समोर जायला नको वाटत होतं. जायची इच्छा मात्र अशी होती की, वर्गात गळतीचा धडा शिकवताना मी मध्येच मामांच्या गजाची गोष्ट सांगायला लागायची.

मामा वारले तेव्हाही मी गेले नाही. मला कळलं तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते.

गेल्या मार्चमध्ये मी शेवटी गेले. घर तेच, पत्रा बदललेला. मामी थकल्या होत्या, पण आवाज तसाच. धपाटे करायला उठल्या, मी थांबवलं, तर माझ्यावरच रागावल्या. जेवण झाल्यावर मी धीर करून विचारलं, "मामी, मामा माझ्याबद्दल काय म्हणायचे?"

"रोज काय न्हाई काढायचे तुझी आठवण," मामी म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? गेटवर बसवलं तवा लय चिडले. तुझा विषय निघाला की उठून बाहेर जायचे. मला म्हणले, त्या पोरीला मी सगळं दिलं अन् मी रिकामा झालो."

मी मान खाली घातली. मामींनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"मंग एकदा खालच्या गल्लीत घाण पाणी यायलं. नव्या पोरांना लाइन सापडंना. साहेबांनी यांना गेटवरनं बोलावलं. त्या पोरांनी मोबाईलवर तुझा नकाशा दाखवला. यांनी तवर बघितला नव्हता तो. घरी आले अन् म्हणले, तिनं माझा एकबी शब्द बदलला न्हाई गं. म्हशीचा वॉलसुदिक तसाच लिवलाय."

"आणि?"

"आणि काय? जेवले अन् झोपले."

मी हसायला गेले आणि ते मला जमलं नाही. मामींनी माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं. खूप वर्षांत कुणी असं घेतलं नव्हतं. बाहेर गल्लीत बाया नळाची पाळी आपल्यापर्यंत कधी येणार यावर बोलत होत्या. आता तीन दिवसांनी पाणी येतं, तरी बोलणं तेच. मला वाटलं, मामांना समोर बसवून एकदा विचारायला हवं होतं, की त्यांनी सांगितलं त्याचं त्यांना शेवटी बरं वाटलं की वाईट. ते आता कुणालाच विचारता येणार नव्हतं.

ऊन उतरल्यावर मी पिशवी उचलली आणि विचारलं, "परतीची बस पकडायला देवगाव फाट्याला जायचंय, जीप कधी मिळंल?"

"उद्या सकाळी," मामी म्हणाल्या आणि माझी पिशवी घेऊन आत गेल्या.

मी राहिले.