थांबायचं कुणी

काळेवाडीतली आम्रपाली ओव्हाळ रागीट आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती कशाकशावर रागावत नाही याची दखल कुणी घेत नाही. नळाला पाणी आलं नाही तर ती रागावत नाही. शेजारणीनं मिरच्या वाळत घालायला अख्खी गच्ची अडवली तरी नाही. तिच्या डोक्यात तिडीक जाते ती एकाच शब्दानं, आणि तो शब्द आपल्या लोकांच्या तोंडात बडीशेपेसारखा कायम असतो. तो शब्द म्हणजे 'थांब'.

तिचं कामच असं, की थांबलेल्या गोष्टी चालवून दाखवायच्या. वाकड, ताथवडे, पुनावळे, कुठंही बिल्डरनं खड्डा खणला की त्या खड्ड्यातून उद्या कसा टॉवर उभा राहील याचा सिनेमा ती दीड खोलीत बसून बनवते. सिव्हिलचा डिप्लोमा केला, एका आर्किटेक्टकडं वर्षानुवर्षं नकाशे काढले, आणि मुलगी झाल्यावर घरीच संगणक मांडला. गिऱ्हाईक साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतं, मोठ्या टीव्हीवर आम्रपालीनं लावलेली हिरवळ बघतं आणि पुढची वीस वर्षं बँकेला लिहून देतं. बाहेर तोवर फक्त एक जेसीबी आणि दोन कुत्री.

हे सिनेमे रंगवतं ते संगणकातलं ग्राफिक्स कार्ड. तिच्याकडचं बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आलेलं. बिचारं भिंती रंगवायचं, लॉबी रंगवायचं, सोफ्याच्या उशासुद्धा रंगवायचं, पण पोहण्याचा तलाव आला की त्याला ठसका लागायचा. पाण्यात आभाळ पडलेलं दिसायला हवं, इमारत हलताना दिसायला हवी, आणि तिथं नेमका पडदा काळा. पंखा असा घोंघावायचा की खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा दळणाचा डबा घेऊन दार वाजवलं. मग आम्रपाली कोरडे तलाव दाखवायची आणि बिल्डरला सांगायची, "पाणी शेवटी टाकू." बिल्डरांना त्यात वावगं वाटायचं नाही. त्यांचंही पाण्याबद्दल तेच धोरण.

नवं कार्ड घ्यायचं तिनं कितीदा तरी ठरवलं. प्रत्येक वेळी आडवा आला धम्मपाल.

धम्मपाल म्हणजे तिचा दीर. वाकडला सोळाव्या मजल्यावर राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत आहे, स्वभावानं लोण्यासारखा. माउस कसा धरायचा हे त्याला दहावीत असताना आम्रपालीनंच शिकवलं होतं. आता तो तिला शिकवत होता.

"वहिनी, आत्ता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. कार्डाची नवी जनरेशन येतेय. आतली बातमी लीक झालीय."

"कुणी सांगितलं?"

"यूट्यूबवर एक जण आहे. त्याचं कधी चुकत नाही."

"मागच्या वेळी त्यानंच दिवाळी म्हटलं होतं ना? दिवाळी होऊन फटाक्यांचे कागदसुद्धा झाडून झाले."

"थोडं पुढं गेलं, एवढंच. थांबा हो."

बरं, नवी पिढी येऊन उभी राहिली तरी सुटका नव्हती, कारण तिथं तिचे वडील भीमराज बसलेले. उभा जन्म त्यांनी गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी तपासण्यात काढला. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात एक अलिखित नियम आहे, आणि तो बाहेरच्यांना माहीत नसतो. जगाला गाड्या बनवून देणारी इथली माणसं स्वतः मात्र पहिल्या लॉटची गाडी घेत नाहीत. पेढे वाटतात, पहिल्या गाडीला हार घालतात, तिच्यासोबत फोटो काढतात, आणि घरी येऊन मेव्हण्याला सांगतात, एवढ्यात घेऊ नको.

"पोरी, पहिला लॉट म्हंजे शिकाऊ माल," भीमराज सांगायचे. "लाइन बसलेली नसती. आमी बनवलाय, आमाला म्हाईत."

"पप्पा, ही गाडी नाही."

"सोल्डरिंग हाय ना त्यात? मग झालं तर."

म्हणजे जुनं घ्यायचं नाही, कारण नवं येतंय. आणि नवं आलं की घ्यायचं नाही, कारण ते नुकतंच आलंय. मधल्या फटीत घ्यावं, तर तोवर त्याच्या पुढचं यायला निघालेलं. या हिशेबानं माणसानं काही विकत घ्यायचा मुहूर्त म्हणजे दोन दगडांच्या मधे डोकं घालायचा मुहूर्त. आम्रपालीनं हे एकदा जेवताना बोलून दाखवलं. नवरा समाधान म्हणाला, "तुझंही बरोबर आहे आणि त्यांचंही बरोबर आहे." त्या दिवशी त्याला दुसरी पोळी मागून घ्यावी लागली.

अशातच वाकडच्या एका बिल्डरच्या ऑफिसातून मिनलचा फोन आला. मिनल तिथलं मार्केटिंग बघते, बोलते फार गोड आणि मागते फार लवकर.

"मॅडम, एका टॉवरचा नमुना द्या, पुढच्या शुक्रवारपर्यंत. सरांना पसंत पडला तर पाचही टॉवर तुमचे. पण सरांचं एकच म्हणणं आहे, इन्फिनिटी पूल हवा, काठ न दिसणारा तलाव. पाणी जिवंत दिसलं पाहिजे."

पाच टॉवर म्हणजे सुट्या कामांच्या मागे फोन करत फिरणं बंद. पाच टॉवर म्हणजे दारावर स्वतःच्या नावाची पाटी. आणि त्या पाटीच्या वाटेत उभं होतं ते एक ठसका लागलेलं कार्ड. आम्रपालीनं त्याच संध्याकाळी चिंचवडच्या शेखरला फोन केला. त्याचं संगणकांचं दुकान, धम्मपालच्या ओळखीचं. शेखरकडं मनासारखं एक कार्ड शिल्लक होतं, चालू पिढीतलं. तिनं लगेच आगाऊ रक्कम पाठवून नाव लावलं. "सोमवारी येऊन नेते."

सोमवारी ती गेली. शेखरनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चेहरा पाडला. दुकानदार चहा आधी मागवतो तेव्हा माल नसतो, हे तिला कळायला हवं होतं.

"मॅडम, ते तर दिलं."

"कुणाला दिलं?"

"गेलं हो गिऱ्हाइकाला. शनिवारी तुमच्या दिरांचा फोन आला होता, बोलता बोलता तुमच्या बुकिंगचं निघालं. म्हणाले, नवीन लाँच झालंय, वहिनी थांबतायत, त्यांचं सोडून द्या."

"वहिनी थांबतायत असं वहिनीनं सांगितलं होतं?"

"आता घरातलाच माणूस म्हटल्यावर..."

"शेखरभाऊ, पैसे कुणाच्या खात्यातून आले?"

"तुमच्याच."

"काम कोण करणार?"

"तुम्हीच की."

"आणि सोडताना फोन दिराचा चालला. मी तुमच्या पायातल्या चपला दुसऱ्या कुणाला देऊन टाकू का, तुमच्या भावाचा फोन आलाय म्हणून?"

शेखरनं नकळत पाय खुर्चीखाली घेतले. मग त्यानं वाईट बातमी पूर्ण केली. नवं कार्ड लाँच झालं होतं ते कागदावर. येईल तेव्हा येईल, आणि आलं तरी ज्यांनी आधीच नावं लावलीत त्यांना. नवं मिळत नाही म्हणून लोकांनी चालू पिढीतलं होतं तेवढं उचललं होतं. "अख्ख्या पुण्यात विचारून बघितलं मॅडम. पैसे आत्ता परत पाठवतो."

आम्रपालीनं चहा तसाच ठेवला. स्कूटर वळवली ती थेट वाकडला. भर उन्हात डांगे चौकाच्या सिग्नलला तिच्या मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. तिनं मान वळवून फक्त बघितलं. त्यानं हॉर्न तर थांबवलाच, पण गाडीही थोडी मागं घेतली.

दार धम्मपालच्या बायकोनं, मैत्रीनं उघडलं.

"ताई, एवढ्या उन्हाच्या?"

"नवरा कुठंय तुझा?"

"आत. वर्क फ्रॉम होम म्हणे. मघापासून मोटारींची शर्यत चाललीय."

आतल्या खोलीत धम्मपाल कानावर हेडफोन चढवून, अंग डावीकडं झुकवून एक वळण घेत होता. संगणकाच्या काचेच्या पेटीत निळे, हिरवे, गुलाबी दिवे फिरत होते. आम्रपालीनं भिंतीवरचं बटण बंद केलं. मोटार, दिवे, वळण, सगळं एका क्षणात विझलं.

"वहिनी, सेव्ह केलं नव्हतं हो."

"माझंही सेव्ह करून ठेवलं होतं ना रे? शेखरच्या दुकानात. तू पुसलंस."

धम्मपालला आधी उलगडा झाला नाही. मग झाला. "तुमच्या भल्यासाठीच केलं ना. महिनाभरानं पश्चात्ताप झाला असता तुम्हाला."

"तो माझा झाला असता. मी केला असता निवांत, पाच टॉवरचं काम करता करता. तू मला पश्चात्तापसुद्धा करू दिला नाहीस."

"पण नवीन खरंच भारी आहे वहिनी. स्टॉक येऊ दे, मी स्वतः आणून देतो. फक्त पहिल्या लॉटमध्ये वायर तापतेय असं म्हणतायत, तेव्हा दुसऱ्या लॉटपर्यंत..."

वाक्य त्यानं अर्ध्यात सोडलं. वहिनीच्या चेहऱ्याकडं बघून शहाण्या माणसानं तेच केलं असतं.

"काढ," आम्रपाली म्हणाली.

"काय?"

"तुझ्या पेटीतलं कार्ड काढ. चालू पिढीतलं आहे, चांगलं पळतं, आत्ताच बघितलं मी. बाजारभावानं घेते, फुकट नको."

"आणि मी काय वापरू?"

"तू थांब. तुला आवडतं ना थांबायला? तू थांबलास तर वाकडमधली कुठली इमारत अडते ते मला सांग. माझ्याकडं शुक्रवार आहे, तुझ्याकडं मोटारी आहेत. आणि थांबायला मला सांगतोस."

धम्मपालनं आशेनं बायकोकडं पाहिलं. मैत्री खोलीतून गेली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. "मिक्सरचा आहे, चालेल का ताई?" मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, दिवे तुमच्याकडंच राहतायत. ते बघत बसा."

तर असं ते कार्ड, वीज जास्त लागते म्हणून पॉवर सप्लायसकट, टॉवेलात गुंडाळून काळेवाडीला आलं. आणि बसेना. तीन पंख्यांचं धूड ते, आम्रपालीच्या जुन्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कच्या पत्र्याला जाऊन अडलं. एवढा वेळ न रडलेली ती बाई तिथं जमिनीवर बसली आणि रडायच्या बेतात आली.

समाधान नुकताच कामावरून आला होता. चिखलीत एका वर्कशॉपमध्ये तो विजेच्या पॅनेलच्या पेट्या बनवतो. त्यानं वाकून बघितलं. "बसत नाही असं काही नसतं गं. थां..." त्यानं जीभ आवरली. "चल, चल. शटर उघडं असेल अजून."

आतलं सगळं काढून रिकामं कॅबिनेट स्कूटरवर आडवं धरून दोघं चिखलीला गेले. ग्राइंडरनं आडवा पत्रा उडाला, कानशीनं कडा घासल्या. हात चालूच होता म्हणून समाधाननं हवा खेळायला बाजूला जाळीही पाडली आणि वर उचलायला एक मूठ बसवली, विजेच्या पेटीला असते तशी. दणकट, करड्या रंगाची. कार्ड आत गेलं. दुसऱ्या दिवशी भीमराज बघायला आले. "वापरलेलं हाय न्हवं? मग बेस. लाइन बसलेली," म्हणाले आणि जावयानं बसवलेल्या मुठीला तेवढे गुण देऊन गेले.

नमुना शुक्रवारी दुपारी गेला. सोमवारी संध्याकाळी मिनलचा फोन आला.

"मॅडम, सरांनी पूल तीनदा बघितला. पाचही टॉवर तुमचेच. कागद पाठवतेय."

आम्रपाली खुर्चीत बसली.

"एक छोटीशी गोष्ट आहे. मागच्या बाजूला पाण्याचे टँकर उभे राहायची जागा आहे ना, तिथं मोठी झाडं दाखवा. वडाची वगैरे."

"तिथं झाडं लावणार आहात?"

"नाही, टँकरच उभे राहणार. रोज लागतील ना. पण दिसायला बरं नाही ते."

समाधाननं खोलीच्या पलीकडून फक्त आम्रपालीचे लाल झालेले कान पाहिले आणि मुलीला घेऊन तो खाली वाण्याकडं निघून गेला.

"मिनल, वड घालते," ती म्हणाली. "एक घालते, आणि त्याच्या सावलीला टँकर घालते. घर घेणाऱ्याला एकदा तो बघून घेऊ दे. सरांना काढायचा असेल तर सरांनी मला स्वतः सांगायचं, कुणाकरवी नाही."

फोन ठेवून तिनं टँकर बनवायला घेतला. निळा, मागं कळकटलेला. नळाला फडकं बांधलं, आणि फडक्यातून टपकणारं पाणी खाली डबक्यात पडून चमकेल अशी सोय केली. कार्डाला एकदाही ठसका लागला नाही.