गजूभाऊची ड्युटी

बडनेरा ते अकोला अपडाऊन करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. चार टाळकी रोज त्याच खिडकीशी बसली की ते आपोआप साचत जातात. आमचेही साचले. फक्त यातले बरेचसे ज्या दिवसांत घडले, त्या दिवसांत माझं कशातच लक्ष नसायचं. आमचा गजूभाऊ, अकोल्यातल्या एका सरकारी ऑफिसातला क्लार्क, जगतो की नाही याचीच आम्हाला भीती होती. आज हसून सांगतोय, तेव्हा घास गिळवत नव्हता!

*

सुरुवात मेश्राम मॅडमपासून. मॅडम अकोल्यात शाळेवर शिकवतात. गजूभाऊ बरेच दिवस गप्प गप्प असायचा. पत्त्यांत बसायचा नाही, डबा तसाच घरी परत न्यायचा. एका सकाळी गाडीत म्हणाला, "थकलो यार आता. उद्या मी नसलो तं कोनाले काय फरक पडते?"

आम्ही पुरुषमंडळी लगेच खिडकीबाहेर बघायला लागलो. आमच्यातला इंगोले म्हणाला, "अबे, बी-ट्वेल्व कमी असन तुयं!"

मॅडमनी हातातला डबा बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "गजूभाऊ, मराचे विचार येऊन राहिले का?"

मला वाटलं, बाई हे काय बोलून बसली, नसलेलं त्याच्या डोक्यात घालते की काय! गजूभाऊ मात्र रडायला लागला. "हाव मॅडम. रोजच येतात. आज पहिल्यांदा कोनी विचारलं."

नंतर इंगोले मॅडमवर उखडला, "असं तोंडावर विचारते का कोनी?"

मॅडम म्हणाल्या, "मंग काय पाठीमागं विचारू?"

*

त्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी हाफ डे टाकला आणि त्याला अकोल्यातल्याच एका मानसोपचार तज्ज्ञाकडे घेऊन गेलो. केबिनमध्ये पाचही जण एकदम घुसलो. डॉक्टरांनी सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "पेशंट कोण?"

आमचे चेहरेच तसे झाले होते! शेवटी बँकेतले शेखभाई म्हणाले, "पेशंट हा आहे सर. पन बीपी याचं पाह्यजा." आणि बोट माझ्याकडे!

पाहिलं. भरपूर निघालं.

डॉक्टर गजूभाऊशी एकट्यात बोलले, मग वहिनींना बोलावून घेतलं. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, तोवर याला एकटं सोडू नका, घरात धोक्याचं जे काही असेल ते बाहेर काढा, म्हणाले. कारण काय, असं इंगोलेनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, कारण एकच असतं तर तुम्हीच दुरुस्त केलं असतं. तेव्हापासून आमची ड्युटी लागली.

*

'धोक्याचं' हा शब्द शेखभाईंनी जरा जास्तच मनावर घेतला. ते गजूभाऊच्याच कॉलनीत राहतात. औषधांचा डबा कुलपात ठेवून त्यांनी किल्ली वहिनींकडे दिली, इथवर ठीक. मग मोठं पोतं घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि विळीपासून खलबत्त्यापर्यंत सगळं भरून घेऊन गेले!

संध्याकाळी वहिनींचा फोन. "भाईजान, वांगे दातानं चिरू का?"

मग रोज सकाळी शेखभाईंच्या घरून चिरलेल्या भाजीचा डबा यायला लागला. वहिनी आजही म्हणतात, "भाभीच्या फोडी लय मोठ्या राह्यतात."

*

गाडीतली ड्युटी सगळ्यात जिवावरची. गजूभाऊ जागेवरून उठला की मीही उठायचो. एकदा तो बाथरूमला गेला. मी मागोमाग. माझ्यामागे इंगोले, त्याच्यामागे शेखभाई. पाच मिनिटं झाली, दार उघडेना. मी दार वाजवलं, उत्तर नाही. जोरात वाजवलं.

तेवढ्यात टीसी आला. तिघं दाराला चिकटलेले बघून त्याला वाटलं, आत विनातिकीटवाला लपलाय. तो माझ्यापेक्षा जोरात ठोकायला लागला, "बाहर निकलो!"

आतून गजूभाऊ ओरडला, "अबे, इथं तरी एकटं सोडा नं बे!"

इतकी गोड शिवी मी आयुष्यात ऐकली नाही.

*

इंगोलेची ड्युटी म्हणजे अखंड बडबड. वरूडच्या संत्र्यापासून ते साळ्याच्या लग्नापर्यंत, श्वास म्हणून घ्यायचा नाही. पुढच्या तपासणीला गजूभाऊ हात जोडून डॉक्टरांना म्हणाला, "सर, मले एकटं सोडू नका म्हनता, कबूल. पन इंगोलेच्या हवाली करू नका!"

डॉक्टर हसले, आम्ही हसलो. कितीतरी दिवसांनी त्यानं कोणाची टर उडवली होती. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो, रडलेलं दिसू नये म्हणून.

इंगोलेला मात्र लागलं. आपलं कुठं चुकतं ते विचारायला त्यानं हेल्पलाइनला फोन लावला. गजूभाऊचं सगळं सांगून झाल्यावर पलीकडच्या ताईंनी विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?"

"मले काय झालं?" इंगोले म्हणाला आणि प्लॅटफॉर्मवरच हमसून हमसून रडला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गजूभाऊला बोलू द्यायला सुरुवात केली.

*

आणि मग ती सकाळ. गजूभाऊ जेवायला लागला होता, पत्त्यांत बसत होता, आम्ही जरा सैल झालो होतो. त्या दिवशी तो बडनेऱ्याला आलाच नाही. फोन बंद. वहिनी म्हणाल्या, "ते तं केव्हाचेच निघाले!"

पुढं गेला असेल म्हणून आम्ही चढलो, गाडी सुटली. मॅडम पोलिसांना फोन करत होत्या, शेखभाई ओळखीच्या रेल्वेवाल्यांना. मधलं मूर्तिजापूर स्टेशन गेलं तरी पत्ता नाही. इंगोले एक शब्द बोलत नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. डोळे मिटले की नको नको ते दिसायचं. देवा, आज सोड त्याला, एवढंच म्हणत होतो.

अकोल्याला उतरून त्याच्या ऑफिसात धावलो. आला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "दवाखाना पाहू." ऑटोत कोंबून निघालो.

काउंटरवरच्या मुलीनं आम्हाला ओळखलं. "तुमचे पेशंट केव्हाचे आलेत. म्हणाले, आज विचार लय जोरात येऊन राहिले, तुमची गाडी येईपर्यंत थांबवेना, म्हणून आधीच्या गाडीनं आले. डॉक्टर पोचतातच आहेत, पहिला नंबर त्यांचाच."

आत ही गर्दी! भिंतीकडेच्या रांगेत गजूभाऊ बसलेला, डोळे सुजलेले. शेजारच्या खुर्चीवर त्याचा रुमाल, पुढच्या खुर्चीवर डबा, मग पाण्याची बाटली, मग बॅग. समोर एक आडदांड गडी उभा राहून भांडत होता.

"दवाखान्यात रिझर्वेशन असते का बे? कोन हाय इथं?"

"मानसं येऊन राहिले," गजूभाऊ म्हणाला.

"केव्हाचा तेच सांगून राहिला! फोन लाव त्यायले."

"फोन बंद पडला. चार्जिंग नाही."

"मंग तू इथं हायेस हे त्यायले मालूम कसं?"

गजूभाऊचं लक्ष दारात उभ्या आमच्याकडे गेलं. त्यानं खुर्चीवरचा रुमाल उचलला आणि म्हणाला, "बसा."